एकोणचाळीस मिनिटांची मुंबई

"अगं, एक दिवस आधीच आलीस की! नाताळ उद्या आहे."

गिरगावात मावशीच्या उंबऱ्याशी पिशवी टेकवली, तेव्हा झालेलं हे स्वागत. तारीख २४ डिसेंबर. मी वाईची. आमच्याकडे नाताळ म्हणजे शाळेला सुट्टी आणि बेकरीच्या काचेमागे गुलाबी क्रीमचे केक, एवढंच. मुंबईतला नाताळ एकदा बघावा म्हणून निघाले, तर हव्या त्या दिवसाचं तिकीट मिळेना, म्हणून चोवीस तारखेच्या सकाळीच येऊन थडकले. मावशीच्या लेखी मी लग्नाच्या आदल्या दिवशी जेवायला आलेली पाहुणी. तिचं म्हणणं बरोबर की चूक, हे ठरवायला मला अख्खा दिवस लागला.

पहिला धक्का चहाबरोबरच बसला, आणि तो दिला त्या शब्दानं. नाताळ हा आपला वाटणारा शब्द पोर्तुगीज आहे. 'नाताल' म्हणजे जन्माचा, जन्मदिवसाचा. पाव, बटाटा, चावी, साबण, पगार, लिलाव, हापूस हे शब्द ज्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला उतरले, त्यांतूनच हाही आला आणि शेवटी 'ळ' लावून मराठी झाला. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापुढून चालली होती. समोर दिसणाऱ्या भूमीला त्यानं त्या दिवसाचंच नाव देऊन टाकलं. पाच महिन्यांनी, मे १४९८ मध्ये, ती जहाजं कालिकतजवळ पोचली. म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत आणि आपल्या कॅलेंडरातला नाताळ ही एकाच घरातली भावंडं.

"गांधीजी बॅरिस्टर होऊन गेले होते तेच नाताळ?" मावशीनं विचारलं.

तेच. १८९४ मध्ये त्यांनी तिथं 'नाताळ इंडियन काँग्रेस' काढली. शाळेत तो धडा वाचताना या नावाचा केकशी काही संबंध असेल, अशी शंकाही कधी आली नव्हती.

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात दहा वाजले. "ते दहा मिनिटं पुढे आहे," ती म्हणाली, "मुद्दाम ठेवलंय. घाई नको करूस." मी मात्र निघाले.

चर्चगेट स्टेशनाबाहेर उभं राहून बघा. चर्चही दिसत नाही, गेटही दिसत नाही. रोज लाखो लोक ज्या नावाचा पास काढतात, त्या नावातल्या दोन्ही वस्तू जागेवर नाहीत. गेट होतं ते इंग्रजांच्या किल्ल्याचं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तटबंदी पाडली, तिच्याबरोबर तो दरवाजाही गेला, आणि त्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. म्हणजे आज हुतात्मा चौकात आपण उभे असतो, तेव्हा जुन्या चर्चगेटच्याच तोंडाशी उभे असतो. या दरवाजातून आत गेलं की सरळ रस्ता चर्चकडे जायचा. ते चर्च अजून आहे, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे: सेंट थॉमस कॅथीड्रल.

पायाभरणी जेराल्ड ऑन्जिअर या गव्हर्नरच्या काळातली, १६७६ ची. मग बांधकाम रखडलं ते सुमारे चाळीस वर्षं. मुंबईत रखडलेली बांधकामं ही आजची गोष्ट नव्हे, एवढं समाधान त्यातून मिळतं. अखेर रिचर्ड कॉब या धर्मगुरूनं वर्गणीचा ध्यास घेऊन ते पुरं केलं. मुंबईतलं हे पहिलं अँग्लिकन चर्च. पुढे शहराची अंतरं इथून मोजली जाऊ लागली. सेंट थॉमसपासून किती मैल, हे कोरलेले जुने मैलाचे दगड अजूनही मुंबईच्या पदपथांत अधूनमधून अर्धे गाडलेले सापडतात. शहराचा शून्य आकडा म्हणजे हे चर्च. आणि ते उपासनेसाठी उघडलं तो दिवस होता २५ डिसेंबर १७१८, नाताळचा दिवस.

इथवर सगळं सरळ होतं. पण आत बाकावर बसले असताना डोक्यात एक किडा वळवळला. १७१८ चा नाताळ. पण कुणाचा?

त्या वेळी मुंबई हे एक शहर नव्हतंच. दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नाच्या करारात, १६६१ मध्ये, पोर्तुगालनं मुंबई बेट इंग्लंडला देऊ केलं; प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला. पण माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासूनचा सगळा मुलूख, पोर्तुगीजांकडेच राहिला. खाडीच्या अलीकडे इंग्रजांचा माहीमचा किल्ला, पलीकडे पोर्तुगीजांचा वांद्र्याचा किल्ला. आज लोकल ती खाडी मिनिटाभरात ओलांडते आणि आपण मोबाइलवरून नजरही उचलत नाही.

या खाडीच्या दोन काठांवर तारखा वेगवेगळ्या होत्या.

ज्युलियस सीझरच्या काळापासून युरोपात चालत आलेल्या कॅलेंडरात वर्ष धरलं होतं ३६५ दिवस आणि ६ तासांचं. खरं सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण दरवर्षी अकरा मिनिटांची उधारी साठत गेली, तर १२८ वर्षांत पुरा दिवस अंगावर येतो. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीनं ही उधारी एका फटक्यात चुकती केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. कॅथलिक पोर्तुगालनं हा बदल लगेच मानला. प्रॉटेस्टंट इंग्लंडनं पोपचं ऐकायला १७५२ साल उजाडू दिलं.

म्हणजे सेंट थॉमसमध्ये १७१८ चा नाताळ साजरा होत होता, तेव्हा खाडीपलीकडे वांद्र्याच्या पोर्तुगीज पाद्र्याच्या कॅलेंडरात तारीख होती ५ जानेवारी १७१९. त्याचा नाताळ होऊन अकरा दिवस लोटले होते आणि दुसऱ्या दिवशीच्या तीन राजांच्या सणाची तयारी चालली होती. भरतीला होडीनं खाडी ओलांडणारा एखादा कोळी अकरा दिवस पुढे जात होता आणि परतताना अकरा दिवस मागे येत होता.

आणि त्यात तिसरं कॅलेंडर आलं ते आमचं. चिमाजीअप्पांनी १७३७ मध्ये साष्टीत मोहीम उघडली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली. पोर्तुगीजांच्या मुलखात आता पेशव्यांच्या दप्तरातले शक आणि शुहूर सन चालू लागले. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर आल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावरच्या देवळात, त्यांतली एक टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. लहानपणी मी ती घंटा किती वेळा वाजवली असेल! नाताळ बघायला मुंबईला जायचं, असा हट्ट धरणाऱ्या मला, नाताळची घंटा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती हे आठवून, कॅथीड्रलच्या बाकावर एकटीलाच हसू आलं.

आता प्रश्न असा, की २५ डिसेंबर हीच तारीख का? येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे बायबल सांगत नाही. या तारखेची सर्वांत जुनी पक्की नोंद इसवी सन ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात मिळते. तारीख कशी ठरली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण जुन्या रोमन परंपरेत २५ डिसेंबर हा हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस मानला जायचा, हे नक्की. पुढे कॅलेंडर घसरलं, दुरुस्त झालं, आणि प्रत्यक्ष वळणाचा क्षण आता २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. तारीख तेवढी मागे राहिली, भरती ओसरल्यावर वाळूत राहिलेल्या रेषेसारखी.

हे ऐकून मराठी माणसाला काही आठवायला हवं. आपली मकरसंक्रांतही अशीच रेषा आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकरेतला प्रवेश आणि त्याचं उत्तरेकडे वळणं ही एकाच वेळची घटना होती. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे साधारण ७१-७२ वर्षांना एक दिवस असं अंतर पडत गेलं आणि संक्रांत १४-१५ जानेवारीपर्यंत सरकली. म्हणजे नाताळ आणि संक्रांत, दोघांच्याही मुळाशी सूर्याच्या त्याच एका वळणाची आठवण. एक चार दिवस लांब गेला, दुसरी चोवीस. दोघांनी सोबत गोड धरून ठेवलं, हेही खरं.

त्या गोडाचा वास दुपारी खोताच्या वाडीत शिरल्याबरोबर आला. मावशीच्या घरापासून ही वाडी हाकेच्या अंतरावर. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंच्या जमिनीवर वसलेली, म्हणून खोताची. अरुंद गल्ली, लाकडी गॅलऱ्या, बाहेरून वर चढणारे जिने, दाराशी क्रूस. दारोदार कागदी चांदण्या लटकत होत्या. दिवाळीचा कंदील उतरवून महिनाही झाला नाही, तर त्याच खिळ्याला त्याच कागदाच्या जातीची पाच टोकांची चांदणी, आत तसाच दिवा.

मावशीची इथली मैत्रीण ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून परका माणूस बुचकळ्यात पडतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठीची बोली बोलणारे हे लोक. मग ईस्ट का? गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, मूळचे इथले, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून त्यांनी हे नाव घेतलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांची संघटना याच नावानं उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य जाऊन तीस वर्षं होत आली होती. तिच्या नावाची सावली मात्र अशी माणसांच्या अंगावर राहिली.

"या, बसा. हात धुऊन घ्या," त्या काकू म्हणाल्या. पाहुणचार म्हणजे काम. ताटात पिठाच्या गोळ्या, बाजूला काटेचमचे आणि एक कोरा कंगवा. गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत सोडायची. रेघांची शंखासारखी वळकटी होते. ती तळली की कुलकुल. माझ्या पहिल्या दहा वळकट्या बघून काकू काही बोलल्या नाहीत, फक्त त्या वेगळ्या ताटलीत ठेवल्या. बाजूच्या ताटात नेवऱ्या होत्या, म्हणजे आपल्या करंज्याच. मार्झिपान होतं, युरोपात ते बदामाचं करतात, इथं काजूचं. गंमत म्हणजे काजूही इथला नव्हे, तो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. परदेशी मिठाई देशी करण्यासाठी वापरलेला पदार्थही परदेशीच, फक्त आधी येऊन मुरलेला.

कोपऱ्यात गोठा मांडला होता. अशी मांडणी करण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसशी जोडली जाते. इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ च्या नाताळच्या रात्री त्यानं खरी गव्हाणी, खरा बैल आणि खरं गाढव यांसह जन्माचा देखावा उभा केला होता. इथल्या गोठ्यात मातीच्या गुरांपुढे हिरवंगार गवत होतं, आणि ते प्लॅस्टिकचं नव्हतं. काकूंनी पंधरवड्यापूर्वी पसरट भांड्यात नाचणी पेरली होती. "तुमचे घट बसतात ना, तसंच," त्या म्हणाल्या. गवत हाताला लागलं, ओलं, गार. नवरात्रातल्या आमच्या देवघराचा वास आला.

गोठ्यात मेरी होती, जोसेफ होता, मेंढपाळ होते. मधली गव्हाणी रिकामी. "बाळ?" मी विचारलं.

"ते रात्री. सण लागल्यावर."

"म्हणजे उद्या?"

"उद्या कशाला? दिवस बुडाला की नाताळ लागला," काकू म्हणाल्या.

हेच ते वाक्य, ज्यासाठी मी बहुधा आले होते. दिवस कधी सुरू होतो? आपलं पंचांग म्हणतं, सूर्योदयाला. उजाडताना जी तिथी, ती त्या दिवसाची. भिंतीवरचं घड्याळ म्हणतं, मध्यरात्री. पण बायबलच्या सृष्टिकथेत दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते आणि मग सकाळ. ज्यू लोकांचा शब्बाथ म्हणूनच शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडलं. पण त्यांचा शनिवार शुक्रवारच्या दिवेलागणीलाच दारात आलेला असे. ईदचा चाँद दिसल्या रात्रीच ईद लागते तीही याच हिशेबानं. चर्चनंही मोठ्या सणांपुरती ही जुनी मोजणी टिकवली. म्हणजे इंग्रजीत ज्याला नाताळची पूर्वसंध्या म्हणतात, ती चर्चच्या लेखी पूर्व नव्हेच. ती सणाची पहिली घटका.

त्या दिवशी मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांनी मावळला. मी तेव्हा वांद्र्यात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या मागे चिंबईच्या किनाऱ्यावर होते. वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त मात्र इथं डिसेंबरात नसतो. तो नोव्हेंबरच्या शेवटी होऊन जातो, आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय येतो जानेवारीच्या मध्यावर. म्हणजे सकाळी अजून अंधार वाढत असतो, तेव्हा संध्याकाळी उजेड आधीच वाढू लागलेला असतो. होड्यांवर चांदण्या लागल्या होत्या. कुणीतरी "हॅपी ख्रिसमस" म्हणालं, आणि एका कोळणीनं मराठीत उलट विचारलं, "मिस्साला येताय ना?"

सेंट अँड्र्यूज १५७५ चं. म्हणजे ग्रेगरीच्या कॅलेंडराहूनही सात वर्षांनी जुनं. नाताळची गोष्ट मराठीतही तेवढीच मुरलेली आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, तिच्या प्रेमात पडला आणि १६१६ मध्ये त्यानं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापलं. बेथलेहेमची कथा त्यात दहा हजारांहून जास्त ओव्यांच्या ओघातून येते. तुकाराम महाराज तेव्हा लहान होते.

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, हल्ली बऱ्याच ठिकाणी मध्यरात्री होत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक सहसा लावता येत नाही, आणि गर्दी तर मैदानातच मावते. मग कुठे मिस्सा संध्याकाळी उरकते, कुठे दहाच्या आत संपते. चर्चच्या चार भिंतींत मात्र काही ठिकाणी अजून बाराची वेळ पाळतात. नाव सगळीकडे तेच, मध्यरात्रीची मिस्सा. काकूंचं शास्त्र कळलं असल्यामुळे मला त्यात विसंगती दिसली नाही. सण तर केव्हाच लागला होता.

घड्याळात बारा वाजले तेव्हा हिल रोडवर एकमेकांना मिठ्या मारणाऱ्यांची गर्दी होती. घंटा झाल्या. मला मेणवलीची घंटा आठवली. तिचा आवाज मी ओळखते. ती वसईत असताना, १७०७ नंतरच्या नाताळांना, अशीच वाजली असेल.

पण बाराला मुंबईची मध्यरात्र झालेली नसते.

आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. मुंबई त्याच्या पश्चिमेला सुमारे पावणेदहा अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून सूर्य मुंबईच्या माथ्यावर घड्याळाच्या मानानं सरासरी एकोणचाळीस मिनिटं उशिरा येतो. १ जानेवारी १९०६ पासून देशाला प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईकरांनी ती सहज पत्करली नाही. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे चालणारी 'बाँबे टाइम' ही आपली जुनी वेळ शहरातली काही घड्याळं १९५५ पर्यंत दाखवत राहिली. एकाच रस्त्यावर दोन वेळा, आणि सभेला कोणत्या वेळेनं जायचं हे आधी विचारून घ्यायचं.

एरवी हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्याची छाया आणि घड्याळ यांत वर्षभरात सोळा मिनिटांपर्यंत पुढेमागे होतं. वर्षात चारच वेळा दोघांचं जमतं: एप्रिलच्या मध्यावर, जूनच्या मध्यावर, सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि २५ डिसेंबरच्या सुमारास. म्हणजे नाताळच्या रात्री हे एकोणचाळीस जवळजवळ अचूक असतात. सूर्य पायाखाली, पृथ्वीच्या बरोबर पलीकडे, येतो तो बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी.

रात्रीच्या शेवटच्या गाड्यांपैकी एक मला वांद्र्याला मिळाली. डब्यात सांताची टोपी घातलेलं एक झोपलेलं मूल, त्याची आई आणि मी. मोबाइलवर बारा एकोणचाळीस झाले तेव्हा गाडी माहीमच्या खाडीवर होती. खाली काळं पाणी, ज्याच्या दोन काठांवर एकेकाळी अकरा दिवसांचं अंतर होतं. मी पिशवीतून माझीच वेडीवाकडी कुलकुल काढून खाल्ली.

मावशी जागी होती. दार उघडत म्हणाली, "मग? लागला का तुझा नाताळ?"

"कुठल्या घड्याळात?"

"स्वयंपाकघरातल्या," ती म्हणाली. "ते दहा मिनिटं पुढे आहे."